शिट्टी वाजली होती

मित्रांनो, बाकीचं सगळं मागाहून सांगते, आधी एक गोष्ट नीट ऐकून घ्या. त्या रात्री कसबा पेठेत मी वाजले होते. चांगली खणखणीत वाजले होते. "जुनी झाली, गोळी अडकली, नेमक्या वेळेला वाजलीच नाही," असं माझ्याबद्दल जे सगळीकडे सांगितलं गेलं ते साफ खोटं आहे. आणि ते सांगणारा माणूस कोणी परका नव्हता. ज्यांच्या गळ्यात मी उभा जन्म काढला ते कचरू सरच हे सांगत होते.

तुम्ही म्हणाल, पितळेची एवढीशी शिट्टी, हिला कसला एवढा ताठा! ताठा नाही हो. आधी राग होता, तो कधीच उतरला. आता उरली आहे ती बोच, आणि ती माझ्या एकटीची नाही. म्हणूनच सांगायला बसले आहे.

माझा जन्म मेरठकडच्या एका कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा कापला, वळवला, डाग देऊन जोडला, की आमचं अंग तयार होतं. मग बुचाची एक गोळी चेपून फटीतून आत ढकलतात. आत गेली की ती फुगते आणि पुन्हा बाहेर येत नाही. तीच आमचा जीव. तिथून खोक्यात बसून मी पुण्याला आले, बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकाजवळच्या खेळाच्या सामानाच्या एका दुकानात. दुकानदार फारच प्रेमळ होते. कोणी मला हातात घेतलं की म्हणायचे, "वाजवून बघायची नाही. तोंडाला लागली की तुमची."

एके दिवशी एक सडपातळ तरुण आला. महापालिकेच्या शाळेत व्यायामशिक्षक म्हणून नेमणूक झाल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. दुकानदारांनी ठेवणीतलं वाक्य टाकलं. तरुण म्हणाला, "मग लावतोच," आणि अशी फुंकर मारली, की रस्त्यावरचा सायकलवाला ब्रेक दाबून उभा राहिला. तेच आमचे कचरू सर. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

शाळेतली वर्षं काय सांगू! कवायत, कबड्डी, खो-खो, सव्वीस जानेवारीचं संचलन. माझ्याशिवाय मैदानावर पान हलत नसे. सरांची आणि माझी एक भाषा ठरलेली होती. एक छोटी वाजली की थांबा. दोन छोट्या म्हणजे पळा. तीन लांब म्हणजे असाल तिथून माझ्याकडे या. मुलं ती भाषा पाढ्यांआधी शिकायची. दर रविवारी चंद्रभागाबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, मला चिंचेनं घासून लख्ख करायच्या. "तुमच्या या सवतीचं करता करता माझे हात गेले," असं वर म्हणायच्याही. पण घासायच्या मनापासून.

मग सर निवृत्त झाले. सत्कार झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि मी कपाटाच्या खणात जाऊन पडले. सोबतीला बिनकुलपाच्या किल्ल्या, एक बंद घड्याळ आणि शर्टाच्या सुट्या गुंड्या. अंगावर हिरवट डाग चढले. एवढी वर्षं जिच्या आवाजावर शाळा चालली, तिला कोणी साधं विचारीना. किती दिवस खणात होते ते मला सांगता येणार नाही. खणात दिवस कळत नाहीत.

मला बाहेर काढलं निकितानं. निकिता ही सरांची नात, अकरावीत शिकते. सगळे कर्वेनगरला एकाच घरात राहतात. कॉलेजात तिला ओरिएंटीअरिंगचं वेड लागलं. म्हणजे काय, तर हातात नकाशा घ्यायचा, त्यावर दाखवलेल्या खुणा शोधत पळायचं आणि वेळेच्या आत परत यायचं. साधारणपणे हे रानात, डोंगरात चालतं. पण पुण्यातली एक मंडळी हाच खेळ वर्षातून एकदा रात्री पेठांच्या बोळांतून खेळवतात. त्यात एक गट जोड्यांचा असतो, घरातल्या दोन माणसांचा. निकितानं सरांना विचारलं, "आबा, माझ्यासोबत येता?" सरांनी आधी बूट शोधले आणि मग "हो" म्हटलं.

त्या स्पर्धेचे दोन नियम तुम्ही लक्षात ठेवा. जोडीतल्या दोघांनी एकमेकांच्या हाकेच्या अंतरात राहायचं, आणि प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवी. काही झालं तर वाजवायची, आणि ऐकणाऱ्यानं हातातलं टाकून वळायचं. निकिताची आई शर्मिला म्हणाली, "आबा, तुम्हाला प्लॅस्टिकची नवी आणू का? हलकी असते." सर म्हणाले, "आण. शोभेला घालीन." निकितानं आपल्यासाठी प्लॅस्टिकची घेतली. सरांच्या गळ्यात मी गेले.

पहिल्या वर्षी त्यांचा दुसरा नंबर आला. खरं तर केवढं कौतुक! पण बक्षीस समारंभात मागच्या रांगेत कोणीतरी म्हणालं, "पोरगी चांगली आहे हो, पण म्हाताऱ्याला घेऊन काय जिंकणार!" सरांनी ते ऐकलं नाही. निकितानं ऐकलं. पुढचं वर्षभर तिनं एकच ध्यास घेतला, की आबांना सोबत घेऊनच पहिला नंबर काढायचा. कोणासाठी? आबांसाठीच. मित्रांनो, हे विसरू नका. तिच्या मनात सुरुवातीला वाईट असं काहीच नव्हतं.

सकाळी टेकडीवर सराव सुरू झाला. सर मला वाजवायचे आणि निकिता चढ पळायची. ती धापा टाकत खाली बसली की सर म्हणायचे, "बसलीस? दिग्विजय आणि पूर्णिमा बसले असतील का?" हे कर्वेनगरचंच एक जोडपं, आदल्या वर्षीचे विजेते. मग पुन्हा दोन छोट्या, पुन्हा पळ. मी हौसेनं वाजायचे. खणातून सुटका झाल्याचा आनंद होता ना! पोरीला पळायला शिकवणाऱ्यांत मी होते. थांबायला आम्ही दोघांनी तिला एकदाही सांगितलं नाही, याची मला आज लाज वाटते.

श्रावणातली ती शनिवारची रात्र. शनिवारवाड्यासमोर सगळ्या जोड्या जमल्या. कपाळाला पट्ट्यानं बांधलेले दिवे, हातात नकाशे. पाऊस नुकताच थांबला होता. प्रत्येक खुणेपाशी जाऊन एका प्रश्नाचं उत्तर कार्डावर लिहायचं होतं. या खांबाचा क्रमांक काय, त्या देवळाच्या दाराला कड्या किती, असे प्रश्न. लांबच्या खुणेला जास्त गुण, उशीर झाला तर गुण कापले जाणार.

सुरुवात झकास झाली. बुधवारातल्या एका खुणेचा प्रश्न होता, 'हे दुकान दुपारी किती ते किती बंद असते?' सर म्हणाले, "एक ते चार लिही. जायची काय गरज?"

"आबा! नियम म्हणजे नियम. जाऊन बघायचं."

"जाऊन काय वेगळं दिसणार आहे? पुण्यातच आहोत ना आपण?"

दोघं गेले. पाटीवर 'एक ते चार' असंच होतं, आणि खाली 'विनाकारण चौकशी करू नये' असंही होतं. दोघं इतके हसले, की सरांना उचकी लागली. मी त्यांच्या छातीवर नाचत होते. तसा आनंद मला शाळेतही मिळाला नव्हता.

तांबट आळी झाली, कुंभारवाड्याकडची खूण झाली. कार्ड भरत आलं. वाटेत दिग्विजय आणि पूर्णिमा समोरून पळत गेले. निकितानं हिशेब केला आणि म्हणाली, "आबा, नदीकडची ती शेवटची मिळाली ना, तर आपण पहिले. नाहीतर परत दुसरे."

सरांचा दम एव्हाना तुटत आला होता. त्यांच्या छातीचा भाता मला ऐकू येत होता. ते म्हणाले, "तू हो पुढं. मी मागून आलोच. हाकेच्या अंतरात राहा म्हणजे झालं."

ती पळाली. बोळ अरुंद होता आणि ड्रेनेजच्या कामासाठी अर्धा खणून ठेवलेला. कडेच्या फरशा सुट्या, त्यांवर चिखल. सरांनी पाय टाकला, फरशी कलली, आणि ते चराच्या काठावर आडवे झाले. घोट्यातून कट् असा आवाज आला. तो मी ऐकला. माणसाच्या हाडाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, आणि परत ऐकायची माझी इच्छा नाही.

सरांनी उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. तेव्हा त्यांनी मला तोंडाशी नेलं. एक लांब. दुसरी लांब. तिसरी लांब. माझ्याकडे ये.

नदीकाठी ढोल-ताशा पथकाचा सराव चालू होता, हे खरं आहे. गणपती जवळ आले की तिकडे रोज चालतो. पथकाच्याही शिट्ट्या असतात, हेही खरं. पण त्या माझ्यासारख्या वाजत नाहीत. आणि निकिता तर चालायला शिकली ती माझ्या आवाजावर.

बोळाच्या टोकाला ती दिसत होती, म्हणजे तिच्या कपाळावरचा दिवा दिसत होता. तो थांबला. मग त्याचा झोत हळूहळू मागे वळू लागला. भिंतीवरून सरकत सरकत अर्ध्यापर्यंत आला. आमच्यापर्यंत पोचायला थोडाच राहिला होता. तिथं तो अडला. मित्रांनो, तेवढा वेळ मला निवृत्तीनंतरच्या सगळ्या वर्षांपेक्षा मोठा वाटला. मग तो झोत पुन्हा पुढं वळला आणि नदीच्या दिशेनं पळत गेला.

सरांनी पुन्हा वाजवण्यासाठी श्वास भरला होता. तो ओठांपर्यंत आला आणि तसाच परत गेला. त्यांनी मला तोंडातून काढलं. "जा," ते पुटपुटले. "जा, पोरी."

निकिता परत आली तेव्हा सर भिंतीला धरून उभे होते. कसे उभे राहिले ते त्यांनाच माहीत.

"आबा, काय झालं?"

"काय व्हायचंय? पाय घसरला जरा. उत्तर लिहिलंस?"

"हो. दुखतंय का?"

"लिहिलंस ना? मग चल. वेळ जातोय."

तिनं त्यांचा हात खांद्यावर घेतला. वाटभर ती विचारत राहिली, दुखतंय का, थांबू या का, बसू या का. पण एक प्रश्न तिनं विचारला नाही. आबा, मघाशी शिट्टी का वाजवलीत, हे तिनं विचारलं नाही. आणि सरांनी, तू ऐकलीस का, हे विचारलं नाही. तिथंच मला कळून चुकलं, की आता हे दोघांमध्ये राहणार.

ते वेळेत पोचले. पहिला नंबर आला. दोघांच्या गळ्यात पदकं पडली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. फोटोत सर हसत आहेत, नीट बघितलं तर घामानं थबथबलेले आहेत. फोटो झाल्यावर ते पदपथाच्या कडेला बसले ते परत उठलेच नाहीत. बूट पायातून निघेना. शेवटी कापावा लागला.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि सरळ रागावले. "यावर चालत आलात? हाड मुळात नुसतं तडकलं असणार. जागच्या जागी थांबला असतात तर प्लॅस्टरवर भागलं असतं. आता सरकलंय. ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवावी लागेल. पूर्वीसारखं चालाल याची खात्री मी देत नाही."

निकिता खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. तेवढ्यात शर्मिला आली, धावतच, आणि मागोमाग चंद्रभागाबाई. सगळं ऐकून तिनं पहिला प्रश्न तोच केला, "पण आबा, गळ्यात शिट्टी होती ना तुमच्या? वाजवायची नाही का?"

निकिता खाली बघत म्हणाली, "अगं आई, नदीकाठी पथकाचा सराव चालू होता, म्हणून…"

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत सर बोलले. "वाजलीच नाही ती. गोळी अडकली. जुनी झाली आता."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. अशी आग झाली म्हणून सांगू माझ्या अंगाची! अहो, कोणत्या पावसाळ्यात मी दगा दिला? कोणत्या सव्वीस जानेवारीला अडखळले? चंद्रभागाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "भंगारात घाला मेलीला. माणूस पडला आणि ही मुकी बसली." ज्या हातांनी मला इतकी वर्षं घासलं, त्याच हातांनी त्यांनी मला सरांच्या गळ्यातून काढून कचऱ्याच्या डब्यावर धरलं. निकितानं मला झटकन हिसकावून घेतलं. "राहू दे आजी. माझ्याकडे राहू दे." आणि पाठीवरच्या पिशवीच्या कप्प्यात टाकलं.

पुढचे कितीतरी दिवस मी त्या कप्प्यात होते. सरांचं ऑपरेशन झालं, ते घरी आले. निकितानं त्यांची इतकी सेवा केली, की बघणाऱ्याला हेवा वाटावा. कॉलेजातून धावत घरी, आबांना पाणी, आबांची गोळी, आबांना पेपर वाचून दाखव, आबांच्या पायाखाली उशी. सर म्हणायचे, "किती करशील गं!" आणि ते तसं म्हणाले, की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. मला बाहेर काढायची, हातात धरून बसायची. एकदा ओठांना लावलं तिनं मला. फुंकर मारायचं धाडस झालं नाही. मी वाजेन, हे तिला पक्कं माहीत होतं. माझा राग उतरला तो त्या दिवशी. पोरीच्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि मी आपली माझ्या अब्रूची चिंता करत होते.

सरांचं वेगळंच चाललं होतं. कोणी भेटायला आलं, की ते स्पर्धेची गोष्ट रंगवून सांगायचे. नातीनं नकाशा कसा वाचला, दिग्विजय-पूर्णिमाला कसं मागं टाकलं. आणि शिट्टीपाशी आले की दरवेळी नवी भर. आधी गोळी अडकली होती. मग तोटीत चिखल गेला. एका रविवारी तर मी गंजले होते. सर! पितळ गंजत नाही! तुम्हीच नाही का मुलांना सांगत होतात? ते हे बोलत असताना निकिता दारात उभी राहून ऐकायची. आपल्याला वाचवायला आबा एकावर एक खोटं रचताहेत असं तिला वाटायचं की नाही, मला माहीत नव्हतं. आबांना काय कळलंय आणि काय नाही, याचाच तिला पत्ता नव्हता. पण प्रत्येक पाहुण्याबरोबर ती आणखी वाळत गेली. तिचं पदक दाराच्या मागच्या खिळ्याला उलटं टांगलेलं असायचं.

वर्षावास चालू होता. पावसाळ्याच्या या तीन महिन्यांत सरांच्या जुन्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सगळे जमतात, वंदना होते, धम्मावर बोलणं होतं, मग एकत्र जेवण. सर काठी टेकत चालू लागल्यावर पहिल्यांदाच तिकडे निघाले. विहाराचं काम बघणारा प्रज्ञेश हा सरांचाच विद्यार्थी. त्यानं दारातच "जय भीम, सर!" म्हणत मिठी मारली आणि सांगितलं, "वंदना झाली की आजोबा-नातीचा सत्कार आहे. नाही म्हणायचं नाही." निकिताच्या पांढऱ्या कुर्त्याच्या खिशात मी होते. तिचा हात माझ्यावर घट्ट आवळला गेला.

वंदना सुरू झाली. पंचशील तुम्हाला ठाऊक असेल. पाच शीलं पाळीन, असं सगळ्यांनी मिळून म्हणायचं. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, असं एकेक. सर नेहमी सगळ्यांच्या वर आवाज लावतात, मैदानावरची सवय. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. सगळं विहार ते म्हणालं. निकिता गप्प राहिली.

पण मला आणखीही काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तो वरचा आवाज, ज्याला मी जन्मभर ओळखते, तोही ऐकू आला नव्हता. सरही गप्प होते.

दोघांच्या मध्ये चंद्रभागाबाई उभ्या होत्या. त्यांनी आधी डावीकडे बघितलं. मग उजवीकडे बघितलं. हात जोडलेलेच होते, पण भुवया वर गेल्या. पाचवं शील नशापाणी न करण्याचं. ते दोघांनीही मोठ्यानं म्हटलं, तिथं दोघंही निर्दोष होते.

मग प्रज्ञेश सत्काराला उभा राहिला. पोरगा बोलतो छान. म्हणाला, "सरांचं हाड मोडलं, शिट्टीनं दगा दिला, पण आमच्या निकितानं आजोबांची साथ सोडली नाही. आजकालच्या मुलांनी…"

"प्रज्ञेशदादा, थांबा."

निकिता उभी राहिली होती. खिशातून तिनं मला बाहेर काढलं. सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"हिनं दगा दिला नाही," ती म्हणाली. "ही वाजली होती. तीन लांब. मला ऐकू आली. आबांची आहे हे मला कळलंही. मी मागे वळायला लागले होते, आणि मग शेवटची खूण राहील म्हणून गेले पुढं. साथ मीच सोडली. आबा माझ्यामुळे मोडक्या पायावर चालले."

शर्मिलानं तोंडावर हात धरला.

"निकिता, खाली बस," सर म्हणाले. आवाज मैदानावरचा होता, पण त्यात दम नव्हता.

"नाही बसणार आबा. खूप दिवस बसले."

सर काठीवर जोर देऊन उभे राहिले. लोकांकडे त्यांनी बघितलंच नाही, तिच्याकडेच बघत होते. "मला दिसला होता तुझा दिवा," ते म्हणाले. "वळताना दिसला. मग मीच वाजवायचं थांबवलं. म्हटलं, एकच तर राहिलंय, जाऊ दे पोरीला. हट्ट माझाही होता गं. तुला पळवून पळवून मीच तशी केली. चूक माझी आहे. तुला कशाला ओझं?"

निकिता ढसाढसा रडायला लागली. आबांना पहिल्यापासून ठाऊक होतं, हे तिला तेव्हा कळलं. ठाऊक असून ते तिच्या हातचं पाणी पीत होते. रडतारडताच ती म्हणाली, "तुम्ही वाजवायचं थांबवलंत, म्हणून मी ऐकलंच नव्हतं असं होत नाही ना, आबा!"

आयुष्यभर मुलांना दरडावणारे आमचे सर, भर विहारात लहान मुलासारखे रडले. मी ते बघत होते आणि मला वाटत होतं, आत्ता कोणीतरी काहीतरी बोला.

बोलल्या चंद्रभागाबाई. पदरानं नाक पुसत त्या उठल्या. "दोघांनीही चौथं शील गिळलंत, ते मघाशीच कळलं मला. घरात तोंडं लपवत फिरत होतात आणि मला वाटत होतं, पायाचं दुखणं आहे. आता म्हणा. दोघं मिळून म्हणा, मोठ्यानं. त्याशिवाय जेवायला वाढणार नाही."

आणि त्या दोघांनी म्हटलं. आधी सरांचा आवाज लागेना, तेव्हा निकितानं सुरुवात केली. मग तिचा मध्येच फुटला, तेव्हा सरांनी पुरं केलं. प्रज्ञेशच्या हातातली फुलं तशीच राहिली. सत्कार काही झाला नाही, पण जेवायला सगळे थांबले.

दुसऱ्या दिवशी निकितानं स्पर्धेच्या मंडळींना फोन केला आणि पदकं परत पाठवली. पहिला नंबर दिग्विजय आणि पूर्णिमाचा झाला. तिकडून उत्तर आलं, 'मिळाली. निकाल दुरुस्त केला आहे.' बस. कौतुकाचा एक शब्द नाही. निकिताला तेच बरं वाटलं.

तुम्हाला वाटेल, झालं, सगळं गोड झालं. तसं नाही होत मित्रांनो. सरांचा पाय पूर्वीसारखा झाला नाही, होणारही नाही. टेकडी सुटली. आता ते सोसायटीच्या आवारात काठी टेकत दोन चकरा मारतात आणि निकिता शेजारून चालते. ते म्हणतात, "तू हो पुढं, माझ्यानं होत नाही." ती जात नाही. कधीकधी चालता चालता एकदम थबकते. तेव्हा ती कुठल्या बोळात असते ते सरांना कळतं, आणि मलाही. मी पुन्हा सरांच्या गळ्यात आहे, पण आता मला फारसं वाजावंसं वाटत नाही.

जाता जाता एक मागणं आहे. आम्हा वस्तूंना जपा, घासा-पुसा, ते तुम्ही करालच. पण स्वतःची चूक आमच्या अंगावर ढकलू नका. आम्हाला उलट बोलता येत नाही, म्हणून ते फार सोपं असतं. आणि तुमचं माणूस मागून बोलावत असेल, तुम्हाला ते ऐकू आलं असेल, तर वळा. अर्धं नाही, पूर्ण वळा. एखादं उत्तर लिहायचं राहिलं, तर राहू दे.